साहेबांचा फोन आणि तिचा रंग

सिनेमांचे आणि मालिकांचे रंग नीट करणं हा माझा धंदा. त्याला कलर ग्रेडिंग म्हणतात. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उन्हात काढलेली दृश्यं एकाच दुपारची वाटली पाहिजेत आणि माणसाचा चेहरा त्या माणसाचाच राहिला पाहिजे, एवढं बघायचं. हे मी वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटच्या आतल्या बेडरूममध्ये बसून करते. भिंती करड्या रंगवून घेतल्यात, कारण भोवती दुसरा रंग असला की डोळा फसतो. शेजारच्या काकू पहिल्यांदा डोकावल्या तेव्हा त्यांनी हळूच विचारलं होतं, घरात कोणी आजारी आहे का.

काकूंना माफ आहे. ज्यांनी या धंद्यात केस पांढरे केले त्यांना नाही. मालिकावाल्यांना सावलीचं वावडं. रात्र असो, वीज गेलेली असो, पलंगाखाली लपलेल्या चोराच्या शर्टाची बटणंसुद्धा दिसली पाहिजेत. नायिका कुठल्याही गावची असो, तिचा चेहरा ट्यूबलाइटखाली ठेवलेल्या पनीरसारखा दिसला पाहिजे. सिनेमावाले स्वतःला जास्त शहाणे समजतात, त्यांची तऱ्हा निराळी. गाव म्हटलं की पिवळं, शहर म्हटलं की निळं, आठवण म्हटली की चहा सांडल्यासारखं तपकिरी. खिडकी उघडून बाहेर बघायचे कष्ट कोणी घेत नाही. दुसऱ्याच्या सिनेमाचा फोटो पुढे करतात आणि म्हणतात, अस्संच करा.

काही वर्षांपूर्वी एक छोटा मराठी सिनेमा माझ्याकडे आला. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर आणि नंदाखालच्या केळीच्या वाड्यांत चित्रीकरण झालेलं. नायिका पाचूबंदरची, कोळ्याच्या घरची मुलगी. रंगाने चांगली काळी. उन्हात तिच्या गालांवर तांबूस झाक यायची आणि सावलीत तेच गाल पिकल्या जांभळाकडे झुकायचे. अशा चेहऱ्यावर काम करायला मिळणं हे सुख असतं. मी त्या मुलीच्या चेहऱ्यासाठी चार दिवस जास्तीचे घातले आणि कोणाला सांगितलंही नाही.

एका दुपारी ती स्वतःच आली, तिची दृश्यं बघायला. आईने दिलेले सुके बोंबील सोबत होते. लिफ्टमध्ये वास राहिला म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर बऱ्याच जणांनी अक्कल पाजळली. तिने आल्या आल्या सांगितलं की मुंबईतल्या किती ऑफिसांमध्ये ती जाऊन आली होती. सगळीकडे एकच उत्तर. अभिनय छान, पण कामवालीचा रोल निघाला की कळवू. हा सिनेमा तिला मिळाला तो दिग्दर्शकाला कोळ्याचीच पोरगी हवी होती म्हणून.

मी दिवे घालवून तिला तिची दृश्यं दाखवली. ती अजिबात हलली नाही. शेवटी म्हणाली, "ताई, यात मी हाय तशी दिसते. आता लोकांना हे दाखवीन. नको म्हनायचं तर म्हनू दे, पन बघून म्हनू दे."

हा सिनेमा तिच्यासाठी काय होता ते मला तेव्हा कळलं. त्यामुळे पुढचं सगळं मला जास्त झोंबलं.

निर्माते साहेब ठाण्याचे. त्यांना वसई म्हणजे परदेश. त्यामुळे मी फोनवर तुकडे पाठवायचे, ते फोनवर बघायचे आणि फोनवरच हुकूम सोडायचे. फोनवर रंग ठरवू नका, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यावर, प्रेक्षक तरी कशावर बघणार आहेत, असं त्यांनी विचारलं. मग सुरू झालं. नायिकेला कावीळ झाल्यासारखी दिसते, पिवळं काढा. काढलं. अजून आहे, अजून काढा. फार अंधार आहे, उजेड वाढवा. केळीची पानं मळकी दिसतात, धुऊन काढल्यासारखी करा. मी करत गेले, कारण सिनेमा त्यांचा होता. दिग्दर्शक माझ्याच खोलीत बसून मोठ्या मॉनिटरवर सगळं बघत होता. त्याला कळत नव्हतं असं नाही, पण साहेब म्हणतील तसं, यापलीकडे त्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पानं प्लास्टिकची झाली, समुद्राला शाई फासल्यासारखं झालं आणि मुलगी पिठात घोळून काढल्यासारखी दिसायला लागली. साहेबांनी कळवलं, आता झकास. ती प्रत त्यांच्या ऑफिसला गेली.

मग ट्रेलर करायचा म्हणून एकदाचे साहेब वसईला आले. खाडीचा पूल ओलांडल्याचं कौतुक सांगून झालं, चहा झाला. मॉनिटरवर नजर टाकली आणि म्हणाले, तुमचा मॉनिटर बिघडलाय, सगळं निळं दाखवतोय, माझ्या फोनवर बघा किती छान दिसतं. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

फोनचा पडदाच पिवळा होता. मेसेज लिहायची पांढरी जागासुद्धा हळद घातलेल्या दुधासारखी. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून फोनमध्ये एक सोय असते, पडदा पिवळसर आणि मंद करणारी. साहेबांचे डोळे चुरचुरतात म्हणून सुनेने ती लावून दिली होती आणि साहेबांनी ती दिवसरात्र चालू ठेवली होती. आमच्या सिनेमाचं सगळं आकाश, सगळा समुद्र, त्या मुलीचं तोंड, हे सगळं या गृहस्थांनी त्या पिवळ्या काचेतून तपासलं होतं. हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, मला कळेना.

मी ते बटण बंद केलं. मग दोन्ही प्रती शेजारी शेजारी लावून दाखवल्या, माझी आधीची आणि त्यांच्या सूचनांनी झालेली. दिग्दर्शकाने चक्क माझ्या बाजूने मान हलवली. मला वाटलं, सुटले.

साहेबांनी दोन्ही प्रती पुन्हा एकदा लावायला सांगितल्या. मग म्हणाले, "बरं झालं दाखवलंत. ही दुसरीच ठेवा."

मी म्हटलं, साहेब, ती चुकून झालेली आहे, तुमच्या फोनमुळे.

"ते कळलं मला. पण चुकून का होईना, गोरी दिसतेय ना? पोरीचंच भलं आहे त्यात. पुढे कामं मिळतील."

तोवर मी त्यांना नुसतं अडाणी समजत होते. चूक दाखवल्यावर जो ती उचलून खिशात घालतो त्याला अडाणी म्हणत नाहीत. त्याला जे म्हणतात ते मी त्यांना तोंडावर म्हटलं नाही, कारण शेजारच्या खोलीत माझी आई झोपली होती. प्रत तर आधीच ऑफिसात होती. मी एवढंच सांगितलं की सिनेमावरून माझं नाव काढा. त्यांनी ते खुशीने काढलं.

सिनेमा लोकांच्या फोनवर आला. पोस्टरवर ती दुधात न्हाऊन उभी. साहेब मुलाखतींमधून सांगत सुटले की आम्ही मातीतला चेहरा शोधला. पाचूबंदरच्या बायका म्हणाल्या, मेकप चांगला केलाय. मला इतकी चीड आली होती की मी तिला फोनही केला नाही.

काही महिन्यांनी ती आगाशीच्या बाजारात भेटली. भाजी घेता घेता तिने सांगितलं की एका मोठ्या मालिकेच्या ऑफिसातून फोन आला होता. सिनेमा बघूनच. मुख्य भूमिका, चाचणी वगैरे नाही, फक्त भेटायला या. म्हणजे साहेबच खरे ठरले, असं मला वाटलं आणि ते पचवणं जड गेलं. मी विचारलं, मग गेलीस का?

"गेली ना. नवीन साडी नेसून गेली. तिथल्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे दाराकडे बघितलं. मला म्हनाल्या, तू बाहेर बस. मॅडम कुठवर आल्यात?"