तालुकदारीणबाईंचं म्हणणं

दोन-चार माणसं रोज एका सतरंजीवर बसून काम करायला लागली की किस्से आपोआप साठतात. कुणी मुद्दाम साठवत नाही. आमच्या कारखान्यात ते चामड्याच्या कातरणांसारखे कोपऱ्यात पडलेले असायचे. आज झाडून काढा, उद्या तेवढेच! त्यातले निम्मे तर एका मांजरीचे. आज तेवढेच सांगतो. सगळे सांगायला बसलो तर तुमचा चहा थंड होईल.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. बीडच्या छागलीला तेव्हा लांबलांबून मागणी असायची. छागल म्हणजे चामड्याची, पाणी भरायची पिशवी. घोडेस्वार खोगिराला लटकवायचा, गाडीवान गाडीला. पाणी असं गार राहायचं, की दात शिवशिवायचे! बिंदुसरा नदीच्या काठी चाँद उस्तादांचं घर होतं आणि घराच्या पुढच्या पडवीत आमचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, तीन माणसं! उस्ताद रापीनं चामडं कापायचे, मी शिवायचो आणि ग्यानबा शिवणीला मेण लावून, पाणी भरून, छागल गळते का बघायचा. आत, तरटाच्या पडद्यापलीकडे, उस्तादांच्या बीबी आणि मुलगी मेहरू. बीबींना आम्ही अम्मा म्हणायचो.

तेल पाजलेलं चामडं म्हणजे उंदरांची दिवाळी. एका सकाळी ग्यानबानं तयार छागल उचलली, सवयीनं पाणी भरलं, आणि जागच्या जागी न्हाऊन निघाला! रात्रीतून सहा छागलींची चाळणी झाली होती. त्याच दुपारी उस्ताद धोतराच्या फडक्यात गुंडाळून एक मांजरी घेऊन आले. काळीपांढरी, भरल्या अंगाची. फडक्यातून उतरली ती थेट पाहणीलाच निघाली. हा कोपरा बघ, तो ढीग हुंग, आमच्याकडे बघायचं काम नाही! जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाला तेव्हा तालुकदार म्हणत. ग्यानबा म्हणाला, "ही तर तालुकदारीणबाईच हाय!"

तेच नाव पडलं.

*

दुसऱ्याच दिवशी बाई चामड्याच्या गठ्ठ्यावर बसल्या होत्या. शेपटी फट् फट् आपटत होती. ग्यानबाच्या घरी दोन कुत्री, त्यामुळे जनावरांतलं आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज.

"बघा उस्ताद, लई खूश हाय! शेपूट हलवतीया!" असं म्हणून त्यानं बाईंच्या डोक्यावरून हात फिरवायला घेतला. दुसऱ्या क्षणाला त्याच्या मनगटावर चार लाल रेघा!

"आरं, पर शेपूट हलवत हुती की!" ग्यानबा कळवळून म्हणाला.

उस्तादांनी रापीवरून नजर काढली नाही. "ग्यानबा, शेपूट हलवणं म्हंजी कुत्र्याच्या बोलीत 'या, बसा.' मांजराच्या बोलीत 'निघा' हाय बे!"

मग त्यांनी आम्हाला शिकवलं. शेपटी काठीसारखी सरळ वर, फक्त शेंडा जरासा वाकलेला, असं मांजर आपल्याकडे आलं तर समजायचं, सलाम करतंय. बाई रोज सकाळी अम्मांकडे तशी शेपटी उभी करून जायच्या.

"मग आमाला कावून न्हाई करत सलाम?" ग्यानबानं विचारलं.

"तुमी कवा केला तिला?" उस्ताद म्हणाले.

*

करोडगिरी नाक्यावरचे एक अमीन छागल न्यायला आले. करोडगिरी म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर जकात घेणारं खातं. अमीनसाहेबांचा आवाज असा, की नदीपलीकडे ऐकू जावा. मी आपला सवयीनं बोलून गेलो, "जरा हळू बोला साहेब, तालुकदारीणबाई झोपल्यात."

अमीनसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला! त्यांनी कोटाच्या गुंड्या लावल्या. जोडे काढून बाहेर ठेवले. तरटाच्या पडद्याकडे वळून खाली वाकून सलाम केला आणि पुढची दहा मिनिटं सगळं बोलणं कुजबुजत! आम्हाला वाटलं, साहेबांचा घसा बसला.

तेवढ्यात टोपलीतून बाई उठल्या. जांभई दिली, आळस दिला आणि साहेबांसमोर उताणं पडून पोट दाखवलं.

"ह्याच त्या बाई," उस्ताद म्हणाले.

अमीनसाहेबांच्या जिवात जीव आला. मोठ्यानं हसले. "अस्सं होय! मग बाईंची आमच्यावर मर्जी दिसतीय!" असं म्हणत खाली बसले आणि बाईंचं पोट गुदगुल्या केल्यासारखं चोळायला लागले.

बाईंनी चारी पाय त्या हाताला आवळले, वर दातही लावले. साहेब उभे राहिले, बाई बाहीला लटकलेल्या! एक चक्कर मारली, दोन मारल्या. शेवटी ग्यानबानं पाण्याचा हबका मारला तेव्हा सुटका झाली.

"हिनं सोता पोट दाखवलं!" साहेब ओरडले. "सोता!"

उस्तादांनी हळद आणून हाताला लावली. फार अदबीनं म्हणाले, "हुजूर, बाईंनी दार उघडं ठेवलं हुतं. आत या म्हणल्या नव्हत्या!"

*

मांजर आपल्याकडे बघून डोळे सावकाश मिटतं, सावकाश उघडतं. त्याचा अर्थ, तुझ्यासमोर डोळे मिटायला मला भीती वाटत नाही. उस्ताद म्हणायचे, आपणही तसंच करून जवाब द्यावा. मला तो नादच लागला. रस्त्यात मांजर दिसलं की मी डोळे मिटायचो.

त्या साली सणाला सासुरवाडीला, उमापूरला गेलो होतो. आत पुरणपोळीचा घमघमाट. मी ओसरीत बसलो होतो. समोरच्या कणगीवर एक पिवळं मांजर. मी सावकाश डोळे मिटले, उघडले. मांजरानंही मिटले. मी पुन्हा मिटले. रंगात आलो!

कणगीच्या मागं सासूबाई डाळ निवडत बसल्या होत्या, हे मला दिसलं नव्हतं. त्या उठून आत गेल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "अगं, जावईबापूंच्या डोळ्यावर किती झोप! चालत आलेत, दमलेत. अंथरूण टाक पहिलं."

नाही म्हणायची सोय नव्हती. मी तीस कोस चालून आल्यासारखा पडलो आणि खरंच डोळा लागला. उठलो तेव्हा ऊन कललं होतं. घरात सामसूम. बायको म्हणाली, "आई म्हणली, कुणी उठवू नका. पाव्हणे आले हुते, पोळ्या संपल्या. भाकर टाकू का?"

कणगीवरचं ते मांजर ओठ चाटत बसलं होतं.

*

ग्यानबाचा एक. हा तसा हसण्याचा नाही, पण सांगायला पाहिजे.

दुपारची भाकर खाऊन ग्यानबा पडवीतच जरा आडवा झाला होता. बाई आल्या, त्याच्या पोटावर चढल्या आणि पुढचे दोन पाय आळीपाळीनं दाबायला लागल्या. एक, दोन. एक, दोन. जशी कणीक मळावी.

"हे काय करतीया?" ग्यानबा हळूच म्हणाला.

पडद्याआडून अम्मा म्हणाल्या, "पिलू असताना आईला असंच दाबत्यात, दूध यावं म्हणून. मोठी झाली तरी ती आदत जात न्हाई. जिथं आईवाणी ऊब लागती, तिथं करत्यात."

ग्यानबाची आई तो रांगत असताना गेलेली. बाई मळता मळता त्याच्या पोटावरच झोपी गेल्या.

काम सुरू झालं. ग्यानबा उठेना. उस्तादांनी एकदा हाक मारली, दोनदा मारली. ग्यानबा छताकडे बघत पडून म्हणाला, "उस्ताद, बाई उठल्या की उठतो."

त्या दिवशी छागलींना मेण उस्तादांनी लावलं.

*

मेहरूला बघायला युसूफ वडगाव या गावाहून स्थळ आलं. पोराची सीताफळांची बाग होती, फळांचा धंदा होता. पोरगा देखणा, नजर खाली. चुलत्याला घेऊन आला होता. सगळं छान चाललेलं. आणि बाई बाहेर आल्या!

पोराजवळ गेल्या, बाही हुंगली आणि पाठीची कमान झाली. शेपटी दुप्पट फुगली. कान डोक्याला चिकटले. "फिस्स!"

पडद्याआड बायकांची कुजबुज सुरू झाली. शेजारीण म्हणाली, जनावराला माणूस कळतो. पोराच्या चुलत्याचं तोंड वाकडं झालं. मेहरूनं आत श्वास धरला असणार, कारण बांगड्यांचा आवाजही बंद झाला होता.

उस्ताद उठले. पोराजवळ गेले आणि सगळ्यांदेखत त्याच्या शेरवानीची बाही नाकाला लावून हुंगली!

"क्या मियाँ, कुत्ता पालते क्या?"

"जी," पोरगा घाबरून म्हणाला. "बागेत हाय. राखणीला."

उस्ताद पडद्याकडे वळून म्हणाले, "बाई घाबरल्यात. फुगून मोठं व्हायचं, म्हंजी समोरचा पळतो, एवढंच. पोराचा काही कसूर न्हाई."

महिन्यानं बोलणी पक्की करायला पोरगा पुन्हा आला. या खेपेला अंग घासून अंघोळ करून, अत्तर लावून आणि दुसरी शेरवानी घालून. बाई शेपटी उभी करून धावत गेल्या, त्याच्या पायाला अंग घासलं, गाल घासला, मांडीवर चढून बसल्या! शेजारीण म्हणाली, "बघा! जनावराला माणूस कळतो!"

उस्ताद पुन्हा उठले. पुन्हा बाही हुंगली.

"ये शेरवानी किसकी है मियाँ?"

पोरानं मान खाली घातली. "मामूंची. मामू खाटीक हायत."

निकाह झाला. पोरगा सोन्यासारखा निघाला. ते उस्तादांनी त्याच्या बागेत दोन दिवस राहून, त्याच्या गड्यांशी बोलून ठरवलं होतं, बाईंना विचारून नव्हे!

*

मेहरू सासरी गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बाई कातरणांच्या ढिगावर अंग आखडून बसल्या होत्या आणि घुरघुर अशी, की पडवीभर ऐकू यावी.

"आज बाई लई खुशीत हायत!" ग्यानबा म्हणाला.

उस्तादांनी वर बघितलं. काम थांबवलं. बाईंसमोर उकिडवे बसले. बाईंचे डोळे अर्धे मिटलेले, कान बाजूला पडलेले, समोर ठेवलेल्या दुधाला तोंडही लावलेलं नाही.

"खुशीत न्हाई बे," उस्ताद हलक्या आवाजात म्हणाले. "दुखतंय तिला. मांजर दुखलं तरी घुरघुरतं. सोताच सोताला थोपटत बसतं."

मी बाईंना धरलं. उस्तादांनी एकेक पाय बघितला. पुढच्या डाव्या पंजात सुईचं मोडकं टोक रुतलं होतं, माझ्याच सुईचं! उस्तादांनी चिमट्यानं ते अलगद ओढून काढलं. बाई एकदा ओरडल्या आणि पंजा चाटायला लागल्या. घुरघुर थांबली.

पडवीत शांतता झाली. त्या शांततेत पडद्याआडून अम्मांचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं.

अम्मा तशा गुणगुणणाऱ्या बाई नव्हत्या. पण गेले आठ दिवस दिवसभर चालू होतं. भाकरी थापताना, भांडी घासताना, एकच सूर, शब्द नाहीत. आम्ही म्हणत होतो, मेहरूची खुशाली आली असेल.

उस्तादांचा हात बाईंच्या पंजावर तसाच राहिला. ते ऐकत होते. मग त्यांनी बाईंना माझ्या मांडीवर ठेवलं आणि पडदा सारून आत गेले.

गुणगुणणं थांबलं.

अम्मांच्या पाठीवर काळपुळी झाली होती. लिंबाएवढी, आजूबाजूचं सगळं लाल, अंगात ताप. आठ दिवस ओढणीखाली झाकून त्या चुलीपुढे बसत होत्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "दवाखान्यात मर्द डाक्टर हाय. पराया मर्दाला पाठ कशी दाखवू?"

उस्ताद भांडले नाहीत. संदुकीतून घरातली सगळ्यात जाड चादर काढली. अम्मांच्या पाठीवर पांघरली, बोटांनी माप घेतलं, पडवीत आणून फळीवर पसरली आणि रापीनं तिला गोल भोक पाडलं. आयुष्यभर छागलींची तोंडं कापलेला हात तो! भोक असं बेताचं, की काळपुळीपेक्षा रेसभरही जास्त नाही.

ग्यानबानं गाडी जुंपली. डाक्टरांना चादर दिसली आणि चादरीतली काळपुळी, बाकी काही नाही. चीर दिली, सगळं बाहेर काढलं. उस्तादांना बाजूला घेऊन म्हणाले, "आणखी दोन दिवसांनी आणलं असतं तर माझ्या हातात काही नव्हतं."

उस्ताद दवाखान्याच्या पायरीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. ग्यानबा त्यांच्याशेजारी नुसता बसून राहिला.

पावसाळा लागेपर्यंत अम्मा पुन्हा चुलीपुढे बसायला लागल्या. मेहरूला दिवस गेल्याचा निरोप त्याच सुमारास वडगावहून आला. तो ऐकला त्या दिवशी आम्ही पडवीत काम करत होतो आणि आतून अम्मांचं गुणगुणणं सुरू झालं.

उस्तादांनी हातातली रापी खाली ठेवली. पडद्याकडे बघत राहिले. मी टाका अर्धा सोडला. ग्यानबाच्या हातातल्या छागलीतून पाणी सांडत होतं, त्याला भान नव्हतं.

पडद्याआडून अम्मांचा आवाज आला, "अजी, खुश हूँ मैं! काम करो तुम!"