बर्फातल्या बंगल्याचे मालक

कुवेतमध्ये बर्फ कळणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे माझ्या साडूंचे थोरले बंधू. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. उन्हाळ्यात पारा पन्नासाला टेकायचा, गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसायचा, आणि हे गृहस्थ रोज सकाळी काखेत स्वेटर मारून कामाला निघायचे. अर्दियाच्या गोदामांच्या रांगेत एका कंपनीचं शीतगृह होतं. तिथे कोंबड्या, मासे, मटार असं सगळं गोठून पडलेलं असे आणि ते तसंच गोठलेलं ठेवण्याची जबाबदारी बंधूंवर होती. शून्याखाली अठरा अंशांत दिवसातले तीन-चार तास काढायचे, आणि तेही वर्षानुवर्षं. "लोक विलायतेला जाऊन बर्फ बघून येतात," ते म्हणत. "मी बर्फात नोकरी केली आहे. मला बर्फ कुणी शिकवू नये."

त्यांना बर्फ शिकवायला तसं कुणी जातही नव्हतं. पण बंधू कादंबरी लिहीत होते, आणि ती घडत होती इंग्लंडातल्या एका खेड्याबाहेरच्या जुन्या बंगल्यात. काळ घोडागाड्यांचा. तीन दिवस सारखा बर्फ पडतो आहे, रस्ते बुजले आहेत, तारा तुटल्या आहेत. बंगल्यात अकरा पाहुणे अडकून पडले आहेत आणि चौथ्या दिवशी सकाळी घरधनी लॉर्डसाहेब पुस्तकांच्या खोलीत मरून पडलेले सापडतात. बाहेरून कुणी आलेलं नाही, आतून कुणी गेलेलं नाही. म्हणजे खुनी त्या अकरांतलाच. बंधू मूळचे राजापूरकडचे. माझ्यासकट अनेकांनी त्यांना सुचवून पाहिलं, की आपल्याकडचं काही लिहा, आंबे आहेत, फणस आहेत, समुद्र आहे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "आंब्याफणसावर लिहायला आमच्या एका वाडीत सहा जण बसलेत. बर्फावर मराठीत कोण आहे ते सांगा."

मी इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासणारा साधा टेक्निशियन, पण बंधूंच्या लेखी मी विषतज्ज्ञ होतो. जेवायला आले की पहिल्या घासालाच सुरुवात व्हायची. "समजा, एका धट्ट्याकट्ट्या कर्नलला सूपमधून दिलं, तर तो उठून दारापर्यंत पोचेल का हो?" अखेर माझ्या बायकोने नियम केला, की विषाचा विषय बडीशेप खाऊन झाल्यावर. बंधूंनी तो तंतोतंत पाळला. बडीशेपेची वाटी फिरली की ते खिशातून कागद काढत. प्रयोगाशिवाय एक ओळ लिहायची नाही, हा त्यांचा बाणा होता. बाहेर काढून ठेवलेल्या बुटांवर रात्रभर बर्फ पडला तर तो किती जाड बसेल, हे पाहायला त्यांनी शीतगृहात सेफ्टी शूजचा जोड मांडला, यंत्राच्या नळ्यांवरचं हिम खरवडलं आणि पिठाच्या चाळणीने वरून भुरभुरायला घेतलं. नेमका त्याच वेळी त्यांचा इजिप्शियन मुदीर, म्हणजे मॅनेजर, आत आला. त्याने बघितलं, थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "हे काय?" बंधू न वळता म्हणाले, "टेस्टिंग." मुदीरने मान डोलावली आणि तो दार लावून निघून गेला.

आता कुणी म्हणेल, हौस असते एकेकाला. हौस म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आक्रमण झालं त्या ऑगस्टमध्ये कादंबरीची नऊ प्रकरणं लिहून झाली होती. शेजारी देशाचं सैन्य रातोरात आत शिरलं आणि आम्ही हजारो लोक अंगावरच्या कपड्यांनिशी वाळवंट तुडवत जॉर्डन गाठून घरी आलो. वह्या खोलीतच राहिल्या. दीड वर्षाने बंधू परत आले तेव्हा खोलीत भिंती तेवढ्या होत्या. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. बंधूंनी कंपनीतून डिलिव्हरीचे जुने छापील कागद आणले, पुढे अरबी मजकूर, मागची बाजू कोरी, आणि त्या कोऱ्या बाजूवर पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. मी हळहळलो तर मलाच धीर देत म्हणाले, "वह्या नेल्या त्यांनी, पण खुनी कोण ते त्यांना कळलेलं नाही. शेवटचं प्रकरण माझ्या डोक्यात होतं."

नव्वदीच्या मध्यापासून मग दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चार वाजता फहाहीलला आमच्या घरी वाचन सुरू झालं. आधी आम्ही नवरा-बायको आणि नाइलाजाने आमची मुलगी. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "अंकल, व्हाय डोन्ट दे जस्ट कॉल द पोलिस?" बंधू शांतपणे म्हणाले, "टेलिफोन अजून घरोघरी आलेला नाही, बाळ," आणि पुढे वाचू लागले. हळूहळू एकटे राहणारे कोकणातले गवंडी, प्लंबर, सुतार यायला लागले. घरापासून वर्षानुवर्षं लांब असलेली ही माणसं त्या बंगल्यात अशी रमली, की बसमध्येसुद्धा कर्नलच्या वागण्यावर वाद घालायची. जहऱ्याहून एक मालवणी सुतार दोन बसा बदलून यायचा. तो सुट्टीवर निघाला तेव्हा कथा ऐन रंगात आलेली. "खुनी कोण ता सांगा," तो म्हणाला, "माका गावाक जावचा आसा." बंधूंनी नकार दिला. सुताराने तिकीट एक आठवडा पुढे ढकललं, तरी बंधूंनी सांगितलं नाही. तो तसाच गेला, आणि दोन महिन्यांनी परत आला तो विमानतळावरून पहिला फोन आमच्याकडे करून.

बंधूंचे इंग्रज मात्र जरा वेगळे होते, हे मला कबूल करायला हवं. त्यांचे लॉर्डसाहेब सर्दी झाली की छातीला तेल चोळून घ्यायचे. लेडीसाहेब कुठल्याही पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नसत, आणि पाहुणे निघताना "जातो" म्हणाले तर "येतो म्हणा" असं बजावायच्या. तपास करायची त्या घरची म्हातारी स्वयंपाकीण. तिची कामगिरी खरोखर नामी होती. बंगल्याच्या दारासमोर, उघड्या पायऱ्यांवर, अकरा पाहुण्यांचे अकरा जोड काढून ठेवलेले आहेत. बर्फ पहाटे थांबतो. सकाळी स्वयंपाकीण दार उघडते तर दहा जोडांवर वीतभर बर्फ, आणि अकरावा जोड स्वच्छ. म्हणजे बर्फ थांबल्यावर हे बूट कुणीतरी घातले, बाहेर जाऊन काहीतरी पुरलं आणि बूट परत काढून ठेवले. हे प्रकरण वाचून झालं तेव्हा गवंड्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर कोपऱ्यातून एक सिस्टर बोलल्या. त्या परभणीच्या, माझ्याच इस्पितळात, आणि कुवेतला येण्याआधी चार वर्षं इंग्लंडमध्ये नोकरी करून आलेल्या. बिचाऱ्या अगदी संकोचून म्हणाल्या, "दादा, राग नका मानू. पण तिकडं घरात बूट काढत नाहीत हो. बूट घालूनच फिरतात सगळे."

आम्हा वीस-बावीस माणसांपैकी एकाच्याही मनात इतक्या वर्षांत ही शंका आली नव्हती. माणूस घरात शिरला की पायातलं बाहेर काढणार, त्यात विचारायचं काय? सुतार तर गोंधळूनच गेला. "मगे थंय केर कोण काढता?" त्याने विचारलं. बंधूंनी कागद नीट जुळवले, रबर लावलं आणि म्हणाले, "या बंगल्यात काढतात."

हा हट्ट तिथेच राहिला असता तर बिघडत नव्हतं. पण तोवर पुण्याच्या एका प्रकाशकांकडे मी पहिली पंधरा प्रकरणं पाठवून दिली होती, बंधूंना विचारून. महिन्याभरात संपादकांचं पत्र आलं. भाषा आवडली, म्हातारी स्वयंपाकीण तर फारच आवडली, पुस्तक पुढच्या दिवाळीच्या आत काढू. फक्त ते पादत्राणांचं दुरुस्त करावं, कारण जाणकार वाचक हसतील. बुटांऐवजी ओव्हरकोट करा, छत्र्या करा, नाहीतर बंगला सरळ हिमाचलात हलवा. पत्र वाचून मला आनंदाने गहिवरून आलं. वीस वर्षांचे कष्ट, एकदा संपूर्ण नाहीसे झालेले, आणि आता प्रत्यक्ष पुस्तक. त्यातून बंधूंची साठी जवळ आलेली. इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपला की नवा मिळायचा नाही, मग गाशा गुंडाळून गावी. निदान छापील पुस्तक घेऊन जातील, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. बंधूंनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "नाही."

मी चिडलो. खोटं कशाला बोलू, चांगलाच चिडलो. म्हटलं, बुटांच्या जागी छत्र्या आल्या तर असं काय आभाळ कोसळणार आहे? तुम्हाला पुस्तक हवं आहे की हट्ट? बंधूंनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी एवढंच सांगितलं, आणि तेही आवाज न चढवता. "मी इथे कंपनीच्या खोलीत राहतो. सहा कॉट. कॅम्पचा बॉस येतो, बूट घालून आत येतो. एसीवाला येतो, बूट घालून. त्या ऑगस्टमध्ये शिपाई आले, ते माझ्या अंथरुणावरून चालत गेले. मी उभा होतो, बघत होतो. ज्या खोलीत माणसाचं स्वतःचं काही नसतं, तिथे कोण कशाला पायातलं काढेल? हा बंगला मी बांधलाय. लॉर्ड असो, कर्नल असो, इथे यायचं तर बूट बाहेर." मी पत्राची घडी करून ते पाकिटात परत घातलं. बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी शेवटचं प्रकरण वाचलं. सिस्टर आल्या होत्या, ड्यूटी बदलून घेऊन. खुनी कळला तेव्हा सुताराने दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि म्हणाला, "माका वाटलाच होता," जे साफ खोटं होतं. त्यानंतर महिन्याभरात बंधू गावी गेले. जाताना सामान सगळं दिलं पाठवून, आणि कागदांचा गठ्ठा तेवढा मांडीवर घेऊन विमानात बसले. गावच्या घरी बायको होती, सून होती. वर्षातले अकरा महिने ज्या घरात नव्हते, तिथे ते पाहुण्यासारखे वावरत, असं साडू सांगायचे. तीन वर्षांनी छातीच्या दुखण्याने गेले.

मी रजेवर आलो तेव्हा साडूंनी माझ्या हातात प्रकाशकांचं नवं पत्र ठेवलं. पुस्तक अजूनही काढायची तयारी आहे, तेवढी एक दुरुस्ती आता घरच्यांनी करून द्यावी. साडू म्हणाले, "दादा नाहीत आता. काय हरकत आहे?" मला हरकत होती, पण ती सांगण्याचा हक्क माझा नव्हता. म्हणून राजापूरला जाऊन पत्र वहिनींपुढे ठेवलं. तेव्हा कळलं, की वहिनींनी कादंबरीतली एक ओळही ऐकलेली नाही. नवरा तिकडे काहीतरी लिहितो एवढंच त्यांना ठाऊक. "मला लिहिता-वाचता बेताचंच येतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाचून दाखवा. मग बघू."

चार दिवस मी ओटीवर बसून वाचत होतो. वहिनी तांदूळ निवडत, कधी मांजराला हाकलत, मधेच उठून चूल बघून येत, पण ऐकत होत्या. लेडीसाहेब पाहुण्यांना जेवायला थांबवायला लागल्या तेव्हा हसल्या. बुटांचं प्रकरण आलं तेव्हा मी मुद्दाम थांबून त्यांना सांगितलं, की प्रकाशकांचा आक्षेप आहे तो हाच, आणि बंधू आम्हाला काय म्हणाले होते तेही सांगितलं, अंथरुणावरून चालत गेलेल्या शिपायांसकट. हे त्यांनी घरी कधीच सांगितलेलं नव्हतं. वहिनींनी सूप खाली ठेवलं. "वाचा पुढे," म्हणाल्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी संपलं. खुनी कोण, कसा सापडला, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. म्हणाल्या, "किती मोठं घर बांधलं होतं हो यांनी. आणि मला एकदाही नेलं नाही."

मग पदराने डोळे पुसून त्यांनी मला प्रकाशकांना उत्तर लिहायला सांगितलं. बदल करायचा नाही, असंच छापायचं तर छापा, असं मी लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी खाली हळूहळू, एकेक अक्षर जोडत, आपली सही केली. पुस्तक अजून निघालेलं नाही.