टेबलाखालचा हात

खांदा कॉलनीतल्या माझ्या ज्यूस सेंटरवर तो कॉलेजातला मुलगा मैत्रिणीला घेऊन येतो. मला 'काका' म्हणतो, गोड बोलतो. तिचा ज्यूस तिला न विचारताच सांगतो, तिचा मोबाइल स्वतःच्या खिशात ठेवतो आणि बसतो नेमका दुकानातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यासमोर. मला ते कधी पटलं नाही.

काल तिने सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. "रागीट आहे जरा," तो शेजारच्यांना हसून म्हणाला. ती निघून गेल्यावर काउंटरवर आला.

"काका, तिने मारलेलं कॅमेऱ्यात आलं असेल ना? मला पाठवा."

टेबलाखाली त्याने तिचं मनगट पिरगळलेलं मी इथूनच पाहिलं होतं. ते सोडवायलाच तिने मारली होती.

"आलं असेल," मी म्हटलं, "पण टेबलाखालचं येत नाही."

"चालेल काका," तो हसला. "मला वरचंच हवंय."