कोटातलं वजन

बोलता बोलता काकांचा उजवा हात डाव्या खांद्यावर जायचा आणि तिथे नसलेला पट्टा वर सरकवायचा. कोल्हापुरात एका बँकेच्या दारात ते बावीस वर्षं दुनळी बंदूक खांद्याला अडकवून उभे होते, त्याची ही सवय. ती बंदूक एकदाही उडाली नाही, हे ते अभिमानाने सांगत. "उडवायची पाळी आली म्हंजे राखणदार आधीच हरला, साहेब."

मुलगी ख्राइस्टचर्चला हॉस्पिटलात नर्स. तिच्याकडे कायमचे राहायला आले, चार महिने नातीशी मराठीत बोलून इंग्रजीत उत्तरं ऐकली, आणि कंटाळून आमच्या पेन्शन-भत्त्यांच्या सरकारी ऑफिसच्या दारावर सिक्युरिटीत लागले. मी आत काउंटरवर. इथे शिकायला आलो होतो. शिकलेलं सगळं बाजूला राहिलं आणि आता दहा वर्षं सरकारचे नकार लोकांना गोड भाषेत समजावून सांगतो. अशा कचेरीत तुम्हीही कधी रांगेत उभे राहिला असाल. येणारा वैतागूनच येतो, आणि काउंटरमागचाही काही ताजातवाना नसतो.

काका मात्र प्रत्येकाला "किया ओरा" असा इथला नमस्कार करत, बॅग उघडून बघत आणि "स्वीट अ‍ॅज", म्हणजे सगळं झकास, म्हणून आत सोडत. एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "गोड, पण साखरेसारखं का गुळासारखं, ते पुढं कुणी सांगत का न्हाई ओ?"

"काका, इथे तेवढंच म्हणतात."

"मग आपण तरी कशाला वाढवायचं," म्हणाले, आणि मी जेवलो नाही हे ओळखून डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. असं ते आठवड्यातून तीनदा तरी करायचे. या देशात मला न विचारता खायला घालणारा दुसरा माणूस नव्हता.

इथे त्यांच्याजवळ बंदूक नव्हती. टेबलाखाली एक लाल बटण होतं. कुणाकडे हत्यार असल्याचा नुसता संशय आला तरी ते दाबायचं, की दारं बंद होतात आणि हत्यारबंद पोलीस येतात. ट्रेनिंगमध्ये हे आमच्याकडून घोकून घेतात.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी एक म्हातारा शेतकरी आला. लांब कोट, चिखलाचे गमबूट, हातात आमच्याच ऑफिसचं पत्र. रांगेत उभा राहून तो सारखा कोट बाहेरून चाचपत होता. मला वाटलं, पाकीट असेल. काकांना तसं वाटलं नाही. वजन बाळगणाऱ्या माणसाचा हात कसा फिरतो हे त्यांच्याइतकं आमच्यात कुणाला ठाऊक होतं?

ते उठले, त्याच्या कोपराला हळूच धरून म्हणाले, "हेवी, सर?"

म्हातारा म्हणाला, "हो, फार."

दोघे शेजाऱ्यांसारखे बाहेर गेले. काचेतून मला दिसत होतं. काकांनी त्याला कोट काढायला लावला, रिकाम्या बाकावर ठेवला, त्याला बराच लांब नेलं आणि मग मला फोन करायची खूण केली. मी पोलिसांना फोन लावला.

त्याचा भाऊ वारला होता. भावाच्या शेडमध्ये आजोबांचं रिव्हॉल्वर सापडलं, बिनपरवान्याचं. भावाच्या पेन्शनचं पत्र घेऊन सरकारी कचेरीत जायचंच आहे, तर हेही तिथेच देऊन टाकू, असा त्याने विचार केला. सरकार म्हणजे एकच कचेरी, असं त्याला वाटत होतं. लोक घाबरतील म्हणून आतल्या खिशात लपवलं होतं. पोलिसांनी उघडलं तेव्हा दोन गोळ्या निघाल्या. त्याला समज देऊन सोडलं.

काकांना सोडलं नाही. सिक्युरिटी कंपनीने चौकशी लावली. आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "बटण दाबलं असतं तर पोलीस हात वर कर म्हणाले असते. आणि ह्यो बाबा दाखवायला म्हणून खिशात हात घालणार. मग काय झालं असतं, सांगा. माझं इंग्रजी तेवढं पुरायचं न्हाई. तुम्ही सांगा हे त्यांना."

मी हो म्हणालो होतो.

चौकशीत मला विचारलं, बटण दाबलं होतं का? नाही. नियम माहीत होता का? हो. आणखी काही सांगायचं आहे? हॉलमध्ये चाळीस माणसं होती, गोळ्या खऱ्या होत्या. कंपनीचं अगदीच चूक होतं असं नाही. माझंही कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. पण खरं कारण याहून साधं आहे. मी थकलो होतो, आणि बोललो असतो तर आणखी प्रश्न आले असते. मी "नाही" म्हटलं.

काकांनी युनिफॉर्म इस्त्री करून परत दिला. चौकशीचं मला काहीच विचारलं नाही. जेवलासा का, एवढंच विचारलं. पुढे मुलीला हॅमिल्टनला नोकरी लागली आणि ते सगळे तिथल्या रोटोटुना उपनगरात राहायला गेले. नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.

परवा तो शेतकरी पुन्हा आला. या वेळी हातात स्वतःच्या शेतातल्या बटाट्यांची पिशवी. दारातल्या नव्या गार्डकडे बघून तो सरळ माझ्यापाशी आला आणि काकांबद्दल विचारू लागला. ते आता इथे नाहीत, आणि का नाहीत, हे मी सांगितलं.

"त्याच्या बाजूने कुणी बोललं तरी का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "हो, मी बोललो."

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि पिशवी माझ्यापुढे ठेवून गेला.