तिसरं उत्तर

आमच्या बेला गावातले शेजारी काका वीस वर्षं मोटारसायकल चालवतात आणि लर्निंग लायसनच्या परीक्षेत नापास झाले. आता पुन्हा तयारी चालू आहे. रस्त्यावरच्या पाटीच्या कोणत्या चित्राला कितवं उत्तर, एवढंच ओट्यावर बसून घोकतात.

"काका, अर्थ काऊन पाहत नाई तुमी?" मी विचारलं.

"अर्थ मास्तरले लागते. मले पास व्हा लागते!"

परीक्षेच्या दिवशी मला मागे बसवून स्वतःच आदिलाबादला निघाले. चौकात 'थांबा'ची लाल पाटी दिसली.

"तिसरं उत्तर!" काका आनंदाने ओरडले आणि तशाच वेगात चौकात घुसले. समोरच्या गाडीवानाने बैलांचे कासरे खेचले म्हणून आम्ही वाचलो.

काका पास झाले. मी बसने घरी आलो.