बंगल्याची समुद्राकडची गॅलरी

डहाणूच्या किनाऱ्यावरच्या त्या पारशी बंगल्याचा विषय निघाला, की लोक आधी त्याच्या सागवानी जिन्याबद्दल बोलतात, मग रंगीत काचांबद्दल आणि बोटीने विलायतेहून आणलेल्या लाद्यांबद्दल. सगळं खरं आहे. त्या लाद्यांवर सतरंज्या अंथरून मी काही वर्षं मुलींना मराठी शिकवलं. पण तो बंगला जपायला का हवा, हे मला कळलं ते वरच्या गॅलरीत.

साठ सालानंतरची गोष्ट. माझे यजमान रेल्वेत होते आणि मी गावातल्या मुलींच्या शाळेत. एका पावसाळ्यात शाळेच्या भाड्याच्या घराची मागची भिंत खचली. मुलींना बसवायचं कुठे? मुख्याध्यापिकाबाई मला घेऊन थेट बंगल्यावर गेल्या. तिथे एक वयस्क पारशी विधवा आणि तिचा स्वयंपाकी, एवढीच वस्ती. सगळे तिला शेठाणी म्हणत.

"खालचा हॉल घ्या," ती म्हणाली. "घरात आवाज तरी होईल. पण भिंतीला खिळा ठोकायचा नाय, हां!"

त्यामुळे आमचा फळा खुर्चीवर उभा राहिला.

आमच्या वर्गात धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यातल्या बऱ्याच मुली होत्या. पालकसभेच्या दिवशी त्यांच्या आया आल्याच नाहीत असं मला वाटलं. शोधायला गेले तर सगळ्या जणी बंगल्याच्या मागे, विहिरीपाशी ठेवणीतली लुगडी नेसून उभ्या.

"अहो, पुढून या ना!" मी म्हटलं.

"पुढून कशा येणार, बाई? आमी मावरं घेऊन मागूनच येतो."

बोलणारी बाई शेठाणीला वर्षानुवर्षं मासे देणारी होती. तिची मुलगी माझ्याच वर्गात. शेठाणी तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने त्या बाईला ओळखलं आणि सहज विचारलं, "तुझ्या नवऱ्याने शिडाला नवीन ठिगळ लावला ना? तांबडा?"

ती बाई चकित झाली. "तुमाला कसं कलला?"

"रोज संध्याकाळी वर बसते मी. तुमच्या होड्या येताना दिसतात. ओळखते सगळ्या."

"इतकी वर्षं? कंदी बोलल्या नाय!"

"तू कधी वर आली नाय."

"तुमी कंदी बोलावला नाय," ती बाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण कोणी हसलंही नाही.

शेठाणीला आता राग येणार, असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "खरं बोलली तू. चल. सगळ्या चला."

ती त्यांना बंगल्याला वळसा घालून पुढच्या पायऱ्यांवरून आत घेऊन गेली. सभा राहिली बाजूला. जिन्याचा गुळगुळीत कठडा धरून एकेक बाई जपून वर चढली. सगळ्या गॅलरीत पोचल्या. समोर खाडीचं तोंड, त्यापलीकडे उघडा समुद्र, आणि दूरवर शिडं. गावातल्या वाळूवरून होडी जवळ आल्याशिवाय ओळखू येत नसे. इथून ती कितीतरी आधी दिसत होती. कठड्यावर रेलून प्रत्येक बाई आपलं शीड शोधू लागली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर एके दिवशी भर दुपारी समुद्र अचानक खवळला. होड्या बाहेर होत्या. मी कविता शिकवत होते. पुढच्या दारातून बायका धावत आत आल्या, कोणालाही न विचारता, ओल्या पायांनी थेट जिना चढून गेल्या. मीही मुलींना घेऊन मागोमाग गेले. शेठाणीने आपल्या नवऱ्याची दुर्बीण काढून मासे देणाऱ्या त्या बाईच्या हातात दिली. तिला ती कशी धरायची ते कळेना. शेठाणी मागे उभी राहिली आणि तिने आपल्या हातांनी दुर्बीण तिच्या डोळ्यांपुढे धरली.

"सावकाश बघ. खाडीकडे नको, आगर गावाच्या बाजूला बघ."

बराच वेळ नुसता वारा. मग ती ओरडली, "तांबडा ठिगळ! आमचाच हाय!"

होड्या आगरच्या आडोशाला लागत होत्या. एक होडी फुटली, पण तिच्यावरच्या माणसांना दुसरीने उचलून घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळे किनाऱ्याने चालत घरी आले.

त्यानंतर वारा सुटला की बायका गॅलरीत येत. पुढे शाळेला स्वतःची इमारत मिळाली, आम्ही बंगला सोडला. मी अधूनमधून शेठाणीला भेटायला जायची. एकदा मुंबईचा एक गृहस्थ आला होता. बंगला पाडून त्याला हॉटेल बांधायचं होतं.

"मला एकटीला नाय सांगता येणार," शेठाणी म्हणाली. "धाकट्या डहाणूच्या बायांना विचारावं लागेल."

त्याला ती थट्टा वाटली. तिने स्वयंपाक्याला त्याच्यासाठी चहा आणायला सांगितलं आणि त्या बायका कुठे भेटतील, ते त्याला नीट समजावून दिलं. तो काही तिकडे गेला नाही. ती असेपर्यंत बंगला विकला गेला नाही. तिच्यामागे तिच्या भाच्याने खालच्या खोल्यांना कुलूप लावलं. पुढचं दार आणि जिना मात्र त्याने बायकांसाठी उघडे ठेवले.