तिनं उचललेला कोपरा

नांदेडच्या जुन्या शहरात आमच्या अब्बांचं शिवणाचं दुकान होतं. दोन मशीन, एक मोठी कात्री आणि खुंटीला टांगलेले कुणाकुणाचे अर्धवट शिवलेले सदरे. त्या दोन मशिनींवर आम्ही पाच भावंडं शिकलो. बी.ए. झाल्यावर मी समाजकार्याच्या कॉलेजात नाव घातलं, तेव्हा अब्बांनी कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "लोकांना मदत करायला डिग्री कशाला लागते, बेटा? ती तर आपण अशीच करतो."

खरं तर मलाही तसंच वाटत होतं. मन चांगलं असलं की झालं, बाकीचं सगळं कागदासाठी.

मी दुसऱ्या वर्षाला असताना भूकंप झाला. गणपती विसर्जनानंतरच्या त्या पहाटे नांदेडात आमच्या मांडणीवरची भांडी वाजली. आम्ही अंगणात आलो आणि थोड्या वेळानं परत आत गेलो. लातूरकडची गावंच्या गावं झोपेत गाडली गेली होती, हे आम्हाला सकाळी कळलं. पुढं काही आठवड्यांनी कॉलेजनं औसा तालुक्यातल्या एका गावात आमचं मुक्कामी फिल्डवर्क ठेवलं. बरोबर आमच्या मॅडम होत्या. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. रोज संध्याकाळी त्या आमच्या डायऱ्या वाचायच्या आणि समासात पेन्सिलीनं एखादाच शब्द लिहायच्या.

गाव म्हणून काही उरलंच नव्हतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी तिथली घरं. ती सगळी ढिगारा झाली होती आणि वाचलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. नवरा गमावलेल्या बायकांची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. आठ दिवसांत मी यादी केली आणि तिच्याखाली उत्साहानं एक योजनाही लिहून टाकली. सगळ्यांना शिलाई मशीन द्यायचं आणि शिवण मी स्वतः शिकवायचं. शिवणावर घर कसं उभं राहतं, हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार?

मॅडमनी त्या पानाच्या समासात लिहिलं, "विचारलं?"

मला राग आला. तरी दुसऱ्या दिवशी विचारायला निघाले. पहिल्याच शेडमध्ये तिशीची एक बाई राहत होती. नवरा आणि मुलगा गेलेले. उरले होते सासरे आणि आठ वर्षांची मुलगी.

"मशीन नगं मला, ताई," ती म्हणाली.

"मग काय हवंय?"

तिनं ढिगाऱ्याकडं बोट केलं. "आमची भिंत दोन हात जाड व्हती. मालक म्हणायचे, हत्तीनं धडक दिली तरी हलायची न्हाई. मग पडली कशी? मला भिंत बांधाया शिकायचंय. न पडणारी."

मला हसू आलं. "अहो, बायका कुठं गवंडीकाम करतात?" असं मी बोलूनही गेले. ती शेडमध्ये गेली आणि तिनं दाराचा पडदा ओढून घेतला.

मी तेही डायरीत जसंच्या तसं लिहिलं, तेवढा प्रामाणिकपणा माझ्याकडे होता. त्या संध्याकाळी मॅडमनी समासात काहीच लिहिलं नाही. मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "देणारा माणूस काय द्यायचं ते आपल्या मनानं ठरवतो. आपण द्यायला आलेलो नाही. तिच्या आयुष्याचा निर्णय तिचा आहे, ह्यावर तुझा विश्वास आहे का? नसेल तर हे काम तुझं नाही. दुसरं कुठलंही चांगलं काम कर."

मी रडले. पण सकाळी उठून तिच्याकडं गेले आणि चुकले म्हणून सांगितलं. तिनं कोरा चहा टाकला. तो पिताना तिनं मला त्या पहाटेबद्दल एक गोष्ट सांगितली. ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. मी ती डायरीत लिहिली नाही, मॅडमनाही सांगितली नाही आणि इथंही लिहिणार नाही. पुढं एक वार्ताहर तिची कहाणी मागत माझ्याकडं आला, तेव्हा मी त्याला एवढंच म्हणाले, "त्यांना विचारा." तिनं नको म्हटलं आणि विषय संपला.

त्याच सुमाराला गावोगावच्या गवंड्यांना भूकंपात टिकणारं बांधकाम शिकवायला एक तरुण इंजिनिअर त्या गावी यायचा होता. तिचं नाव शिकणाऱ्यांच्या यादीत घालायचं आम्ही ठरवलं. सासऱ्यांशी आणि गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रीशी मीच जाऊन बोलते, असं मी मॅडमना म्हणाले.

"तू बोललीस तर होकार तुला मिळेल," मॅडम म्हणाल्या. "तू नांदेडला गेल्यावर तिनं काय करायचं? तिला बोलू दे. तू शेजारी उभी राहा."

मग दोन दिवस शेडच्या मागं, दुपारच्या उन्हात, आम्ही दोघींनी तयारी केली. कधी मी सासरा व्हायचे, कधी मिस्त्री. पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द फुटेना. दुसऱ्या दिवशी तिनं मला असं झापलं, की दोघी हसून हसून खाली बसलो. भूकंपानंतर तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

बैठक शाळेच्या तंबूसमोर भरली. इंजिनिअरनं नावं विचारली तशी ती उठली. डोक्यावरचा पदर सावरला.

"माझं नाव घ्या."

मिस्त्री हसला. "बाईमाणसाचं काम न्हाई ते."

"घमेलं उचलाया बाई चालती. पाणी माराया चालती. दगड वाहून द्याया चालती. थापी धरली तर काय बिघडतंय?"

सगळ्यांच्या नजरा सासऱ्यांकडं वळल्या. ते काठी टेकत उठले. मग म्हणाले, "पोराला मी पुरलं, नातवाला पुरलं. आता हिला कशाला अडवू? लिव्हा नाव."

मी फक्त शेजारी उभी होते. एक शब्द बोलले नव्हते आणि तरी ऊर भरून आला होता.

शिकणं सोपं नव्हतं. भिंतीचा जीव कोपऱ्यात असतो, असं इंजिनिअर सांगायचा. दोन भिंतींचे दगड तिथं एकमेकांत गुंफायचे आणि मध्ये मध्ये भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायचा. जुन्या घरांत नेमकं तेच नव्हतं. तिनं उचललेला पहिला कोपरा पोट काढून बाहेर आला. इंजिनिअरनं तो पाडायला लावला. दुसराही पाडला. तिसऱ्या वेळी तिनं कुणी सांगायच्या आत भिंत सरळ आहे का बघायला स्वतःच ओळंबा सोडला, मान हलवली आणि स्वतःच पाडला. तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या. मॅडम रोज तिकडून एक चक्कर मारायच्या, पण कधी शाबासकी दिली नाही आणि कधी कीवही केली नाही. तिच्याशी त्या एका कारागिराशी बोलावं तसं बोलायच्या.

शेवटच्या दिवशी सगळे गवंडी आपापला कोपरा दाखवायला उभे होते. इंजिनिअर एकेकाला ओळंबा लावत आला. एका कोपऱ्याशी थांबला. दोरी वरपासून खालपर्यंत एकसारखी उभी राहिली, जराही फरक नाही. त्यानं दुसऱ्या बाजूनं लावून बघितला, तरी तेच.

"हा कोणी उचलला?"

ती बोलायच्या आत म्हातारा मिस्त्री पुढं आला. "हिनं," तो म्हणाला. "आमच्या गावच्या गवंडीणबाईनं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिची मुलगी धावत येऊन त्या कोपऱ्यावर चढून बसली आणि कुणी तिला उतर म्हटलं नाही.

नांदेडला परतल्यावर मी अब्बांना हे सगळं सांगितलं. काज करायचं थांबवून ते ऐकत राहिले. म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाइकाचं माप घ्यायला शिकवतात तिथं." मी म्हटलं, "हो अब्बा, आणि कपडा त्याच्या पसंतीचा." ते दिलखुलास हसले. पुन्हा डिग्रीचा विषय त्यांनी काढला नाही.

बरीच वर्षं गेली. लातुरात क्लासेसचा जमाना आला. उदगीर, हदगाव, पार इस्लापूरकडच्या मुली डॉक्टर व्हायला लातुरात येऊन राहू लागल्या आणि गल्लोगल्ली हॉस्टेलं चढू लागली. मी तिथं मुलींसाठी समुपदेशनाचं काम करत होते. बसायला जागा नसायची. कधी जिन्यात, कधी मेसच्या कोपऱ्यात, कुणी ऐकत नाही ना बघत मुली बोलायच्या.

एकदा रस्त्यानं जाताना एका हॉस्टेलच्या बांधकामावरून हाक आली, "ओ नांदेडच्या ताई!"

ती होती, आमची गवंडीणबाई. केस पांढरे, कमरेला खोचलेला पदर, हातात थापी. परांचीवर सगळ्या बायकाच होत्या, तिनं तयार केलेल्या. मुलगी सिव्हिलचा डिप्लोमा करून तिच्याच जोडीनं काम बघत होती.

दुसऱ्या वेळी गेले तर काम बंद. इमारत तीन मजल्यांची ठरलेली, पायाही तेवढ्यापुरताच, मालकाला आता चौथा चढवायचा होता. ती नाही म्हणाली होती. मालक माझ्यादेखत ओरडला, "तू मिस्त्री हायस का इंजिनिअर?"

"मी भिंतीखाली गाडलेल्या घरची हाय," ती शांतपणे म्हणाली. "वर लोकांची लेकरं झोपणार हायत, साहेब. आमच्या हातून चौथा चढायचा न्हाई."

बायका हत्यारं खाली ठेवून दोन दिवस सावलीत बसल्या. मालकानं अखेर इमारतीच्या इंजिनिअरला बोलावलं. त्यानं कागद पसरले, आकडे मांडले आणि बाई म्हणतात ते बरोबर आहे म्हणून सांगितलं. चौथा मजला रद्द झाला.

मालकाचा राग ओसरल्यावर तिनं आणखी एक मागणं घातलं. "अभ्यासाच्या खोल्या झाल्या, झोपायच्या झाल्या. ह्या पोरींना मनातलं बोलाया एक खोली द्या. ह्या ताई बसतील." मालकानं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि हात जोडले. "दिली, बाई."

खोली केवढी, खिडकी कुठं, दार कसं, हे तिनं मला विचारून घेतलं. वास्तूच्या दिवशी तिच्या सगळ्या बायकांना मालकानं पहिल्या पंगतीला बसवलं आणि स्वतः वाढलं. जेवणं झाल्यावर ती मला हाताला धरून गच्चीवर घेऊन गेली. खाली मुली ट्रंका आणि गाद्या घेऊन आत येत होत्या, आयाबाप मागून सूचना देत होते. तिनं पायातल्या चपला काढल्या, अनवाणी पायांनी स्लॅबवर मधोमध उभी राहिली आणि मोठ्यांदा म्हणाली, "नाचा म्हणावं पोरींना हितं. हलायचं न्हाई!"